‘सगळेच घेतात’ हा शब्द कुणाचा?

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली आणि रविवारी सिंहगड मारणाऱ्या आमच्या ग्रुपवर रातोरात सायकलिंगचे जाणकार उगवले. त्यातला एक फॉरवर्ड मला चार जणांकडून चारदा आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: व्यावसायिक सायकलिंगमध्ये सगळेच डोपिंग करतात, म्हणजे बंदी असलेली उत्तेजकं घेतात. टूर द फ्रान्स ही सायकलिंगची सगळ्यात मोठी शर्यत सलग सात वेळा जिंकणारा लान्स आर्मस्ट्राँगही तेच करत होता, तरी पाचशे चाचण्यांत सापडला नाही. सगळेच घेतात म्हटल्यावर शर्यत बरोबरीचीच झाली. तेव्हा बंदी उठवा, डॉक्टरच्या देखरेखीखाली घेऊ द्या, निदान खोटेपणा तरी संपेल.

पहिल्या मुद्द्यात दम आहे, हे आधीच कबूल करतो. ‘युसाडा’ या अमेरिकी उत्तेजकविरोधी संस्थेने २०१२मध्ये दाखवून दिलं की १९९९ ते २००५ या सात टूर द फ्रान्समधल्या पहिल्या तीन क्रमांकांच्या एकवीस जागांपैकी वीस जागा डोपिंगशी जोडलेल्या होत्या. आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं गेली, आणि म्हणूनच ती दुसऱ्या कुणाला दिली नाहीत. पण पहिले तीन म्हणजे सगळे नव्हेत. घेणारेच वर येणार, हे उघड आहे. वर फक्त तर्री दिसते म्हणून खाली उसळच नाही, असं मिसळ खाणारा कुणी म्हणेल का?

‘सगळे’मध्ये क्रिस्तोफ बासों हा फ्रेंच सायकलपटूही बसतो का? तो फेस्तिना संघाचा. १९९८च्या टूरच्या तोंडावर त्या संघाचा मालिशवाला ईपीओ या उत्तेजकाच्या कुप्यांनी भरलेली गाडी घेऊन सीमेवर सापडला. चौकशीत सहकाऱ्यांनीच सांगितलं, बासों घेत नाही. पुढच्या वर्षीच्या टूरमध्ये तो वर्तमानपत्रात डोपिंगबद्दल लिहू लागला, तेव्हा आर्मस्ट्राँगने सायकल शेजारी आणून त्याला घरी जायला सांगितलं. काही दिवसांतच तो खरंच गेला.

२००४ सालचा प्रसंग तर मला विसरता येत नाही. फिलिपो सिमेओनी या इटालियन सायकलपटूने डोपिंगच्या प्रकरणात डॉक्टर मिकेले फेरारीविरुद्ध कोर्टात साक्ष दिली होती, आणि फेरारी आर्मस्ट्राँगचा माणूस. अठराव्या टप्प्यात पुढे निसटलेल्या छोट्या टोळक्याला सिमेओनी जाऊन मिळाला, तर त्याच्या मागोमाग खुद्द पिवळी जर्सी, म्हणजे शर्यतीत आघाडीवर असलेला आर्मस्ट्राँग, सुसाट निघाली. सिमेओनीकडून आर्मस्ट्राँगच्या विजेतेपदाला तिळमात्र धोका नव्हता. पण पिवळी जर्सी सोबत असली की मागचा जथा सोडणार नाही, म्हणून त्या टोळक्यानेच सिमेओनीला मागे फिरायला लावलं. जथ्यात परतताना आर्मस्ट्राँगने तोंड बंद ठेव म्हणत ओठांवरून झिप ओढल्यासारखा हात फिरवला. न घेणाऱ्याला आणि बोलणाऱ्याला असं हुसकून लावायचं, आणि मग मागे वळून म्हणायचं, बघा, सगळेच घेतात.

पाचशे चाचण्यांचं म्हणाल, तर १९९९मध्ये ईपीओ पकडणारी मान्य चाचणीच नव्हती. जे पकडता येत होतं ते स्टेरॉइड त्याच वर्षी आर्मस्ट्राँगच्या नमुन्यात सापडलंही. मागची तारीख टाकलेली, बैठकीच्या फोडांवरच्या मलमाची चिठ्ठी दाखवून ते निभावून नेलं. अखेर तो अडकला माणसांच्या जबान्यांमुळे. सव्वीस साक्षीदार, त्यात अकरा त्याचेच जुने सहकारी.

बरोबरीच्या शर्यतीचा मुद्दा ऐकायला सगळ्यात गोड आणि आतून सगळ्यात पोकळ. ईपीओने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, म्हणजे स्नायूंना ऑक्सिजन जास्त. १९९७पासून नियम होता की हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं या पेशींचं प्रमाण, ५० टक्क्यांच्या वर गेलं तर शर्यतीत उतरता येणार नाही. आता एकाचं प्रमाण जन्मतःच ४१ आणि दुसऱ्याचं ४८ धरा. दोघंही ईपीओ घेऊन ५०च्या काठावर आले, तर पहिल्याला नऊचा फायदा आणि दुसऱ्याला दोनचा. निसर्गाने ज्याला जास्त दिलं, त्याचंच जास्त गेलं! वर पैशाचा भाग आहेच. फेरारीला आर्मस्ट्राँगकडून दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम पोचली होती. शेवटच्या क्रमांकाच्या पोराने ती कुठून आणायची?

डॉक्टरची देखरेख? फेरारी डॉक्टरच होता की. आणि मर्यादा कितीही वर नेली तरी तिच्याही वर काही मिलिग्रॅम उरतात. लपवाछपवी तिथून पुन्हा सुरू. शिवाय ही युरोपातली दूरची गोष्ट नाही. २०२४मध्ये भारतात तपासलेल्या ७,११३ नमुन्यांपैकी २६० नमुन्यांत बंदी असलेले पदार्थ सापडले. आपल्याकडच्या सतरा वर्षांच्या पोरावर देखरेख करणार कोण, जिमखाली प्रोटीनचे डबे विकणारा दुकानदार?

खोटेपणाचं बिल मात्र पुढच्यांच्या नावावर फाटतं. २०१५च्या टूरमध्ये ‘डोपर’ असं ओरडत एका प्रेक्षकाने लघवीचा कप आपल्या अंगावर फेकला, असं क्रिस फ्रूम या सायकलपटूने सांगितलं. त्याच्यावर तोवर काहीही सिद्ध झालेलं नव्हतं.

आता आमच्या ग्रुपचं. गेल्या पावसाळ्यात एकाने सिंहगडाच्या घाटाचा स्ट्रावा या अ‍ॅपवरचा सगळ्यात वेगवान वेळेचा मुकुट पटकावला. पायथ्यापासून वाहनतळापर्यंत हृदयाचे ठोके ब्याण्णव! म्हणजे घड्याळ मनगटावर आणि स्वारी स्कूटरवर. ग्रुपवर दोन दिवस नुसता गदारोळ. ‘अहो, थोडंफार सगळेच करतात,’ असं तो म्हणाला, तेव्हा सगळ्यात जास्त भडकले ते हा फॉरवर्ड पाठवणारेच चौघे. तक्रार केली, नोंद उडाली, आणि मी त्या यादीत एकशे बेचाळिसाव्यावरून एकशे एक्केचाळिसावा झालो.