मुक्तिवेग, नख आणि 'रिकामटेकड्यांचे चाळे'

सप्रेम नमस्कार.

मागच्या लेखात मी मुक्तिवेग (पृथ्वीच्या ओढीतून कायमचं सुटण्यासाठी वर फेकलेल्या वस्तूला लागणारा किमान वेग) हेच वेगाचं एकक मानून, त्याला 'मुवे' म्हणून, नखाच्या वाढीचा वेग त्यात मोजला होता. त्यावरची आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. आपलं म्हणणं थोडक्यात असं: मुक्तिवेग हे एकक नव्हे, तो उंचीप्रमाणे बदलतो, इंजिन सतत चालू ठेवणाऱ्या यानाला तो गाठावाच लागत नाही, नखाच्या आकड्यात एक शून्य कमी आहे, आणि 'रिकामटेकड्यांचे हे चाळे सोडून काही शिकण्यासारखं लिहा'.

शून्याचं आधी सांगते. तिथे आपलं बरोबर आहे. १ च्या आधी, दशांशचिन्हानंतर, बारा शून्यं हवी होती, माझ्याकडून अकराच पडली. दुरुस्ती केली आहे, आभार.

पण एका शून्यासाठी 'रिकामटेकडे'? हेच साध्या शब्दांत सांगता आलं असतं. मी बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते आहे. चूक दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला आजवर कधी गप्प बसवलेलं नाही, पण 'चाळे' हा शब्द वर्गात कुणी काढला असता, तर त्याला आधी नीट बोलायला शिकवलं असतं.

'एकक नव्हे' म्हणता. मग माख म्हणजे काय? विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या पटीत सांगायचा, एवढंच ना? आणि ध्वनीचा वेग काही ठरलेला नाही. १५ अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीवर तो सेकंदाला ३४० मीटर असतो, तर ११ किलोमीटर उंचीवरच्या थंड हवेत २९५ मीटर. चांगला तेरा टक्क्यांचा फरक. तरी माखला कुणी चाळे म्हणत नाही. पृथ्वी-सूर्य अंतराचंही तेच. ते वर्षभरात १४ कोटी ७१ लाख ते १५ कोटी २१ लाख किलोमीटरच्या दरम्यान बदलतं. म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी हे एकक टाकून दिलं नाही. २०१२ साली त्याला १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर हा पक्का आकडा देऊन टाकला.

मीही तेच केलं होतं. लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं आहे की हवेचा रोध सोडून, पृथ्वीच्या पृष्ठभागावरचा मुक्तिवेग, सेकंदाला ११.२ किलोमीटर, म्हणजे १ मुवे. तो परिच्छेद वाचलात का? ४०० किलोमीटर उंचीवर हाच वेग १०.८५ होतो. तीन टक्के कमी. माखचे तेरा टक्के चालतात आणि माझे तीन तेवढे खुपतात! सतत चालणाऱ्या इंजिनाचं म्हणाल, तर ते मला ठाऊक आहे, आणि लेखाचा विषय तो नव्हताच.

राहिला 'शिकण्यासारखं' हा मुद्दा. नववीत पाय मोडून मी सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते. अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी कानशीने एक बारीक रेघ ओढली आणि रोज पट्टी लावून बघत बसले. पहिले काही दिवस काहीच कळेना. रेघ जागची हलतच नाही असं वाटायचं. प्लास्टर निघालं त्या दिवशी ती साडेचार मिलिमीटर पुढे होती. वही घेऊन शाळेत गेले, तर एका शिक्षकांनी सगळ्यांसमोर विचारलं, 'याचा उपयोग काय?' तुमच्या प्रतिक्रियेत मला तोच आवाज ऐकू आला, म्हणून हे इतकं लांबवते आहे.

त्या रेघेचा वेग ०.११ पिकोमुवे भरतो (पिको म्हणजे लाख कोटीवा भाग). १ मुवे वेगाचं यान एका सेकंदात जेवढं जातं, तेवढं अंतर तोडायला नखाला जवळजवळ तीन लाख वर्षं लागतील. चालणारा माणूस १२४ मायक्रोमुवे (मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग). सेकंदाला एक मिलिमीटर सरकणारी गोगलगाय ८९ नॅनोमुवे (नॅनो म्हणजे शंभर कोटीवा भाग). घड्याळाचा तासकाटा दहा सेंटिमीटरचा असेल, तर त्याचं टोक १.३ नॅनोमुवे. हे सगळं एकाच फूटपट्टीवर येतं, म्हणून तर ही फूटपट्टी.

पुढे कॉलेजात वाचलं की चंद्र आपल्यापासून वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातो आहे. अपोलोच्या अंतराळवीरांनी १९६९ पासून तिथे आरसे ठेवले, त्यांच्यावर लेसर मारून हे अंतर मोजतात. आकडेमोड केली: ०.११ पिकोमुवे. माझ्या नखाची रेघ आणि चंद्र, दोघांचा वेग एकच! त्या रात्री मला झोप लागली नव्हती. विज्ञान शिकवायचं हे त्याच आठवड्यात ठरलं.

याला तुम्ही चाळे म्हणता.

गणित पुन्हा तपासायचं असेल तर जरूर तपासा. ४.५ मिलिमीटर, ४२ दिवस, भागिले सेकंदाला ११,१८६ मीटर. आणखी एखादं शून्य सापडलं तर कळवा, तेही दुरुस्त करीन. भाषेची दुरुस्ती मात्र तुम्हीच करायची आहे.