आवडी कितीही असोत, त्यापायी अकाउंट्स वाढवू नका

हाइव्ह म्हणजे ब्लॉकचेनवर, नोंदींच्या उघड्या साखळीवर, चालणारं ब्लॉगिंग; तिथे वाचकांच्या मतांवर लेखकाला मोबदला मिळतो. तिथे नवा आलेला माणूस हा प्रश्न हमखास विचारतो: कविता, फोटोग्राफी, कोडिंग आणि क्रिप्टो या सगळ्यांवर लिहायचंय, तर चार अकाउंट्स काढू का? काढू नका. लिहायला एकच अकाउंट ठेवा. दुसरं काढायचंच असेल तर ते पैशांची किंवा कीची (अकाउंटच्या पासवर्डसारख्या गुप्त किल्लीची) जोखीम वेगळी ठेवण्यासाठी काढा, विषय बदलला म्हणून नाही.

विषय वेगळे ठेवायला कम्युनिटी, म्हणजे विषयवार गट, आहेत आणि ते पुरतात. पीकडी, एसेन्सी किंवा हाइव्ह डॉट ब्लॉग, यांपैकी कुठल्याही साइटवरून लिहिलंत तरी पोस्ट टाकताना कम्युनिटी निवडायची असते. ती निवड म्हणजे पोस्टचा पहिला टॅग, आणि तो नंतर बदलता येत नाही. बाकीचे टॅग, शीर्षक, मजकूर सगळं दुरुस्त करता येतं. म्हणजे कविता चुकून कोडिंगच्या कम्युनिटीत पडली तर ती तिथेच राहणार, आणि मॉडरेटरने म्यूट केली तर त्याला दोष देऊ नका. पोस्टवर अपव्होट किंवा रिप्लाय येण्याआधी लक्षात आलं तर ती डिलीट करता येते. पण तेव्हाही मूळ मजकूर साखळीच्या इतिहासात कायम राहतो. म्हणून पब्लिशचं बटण दाबण्याआधी दोनच गोष्टी तपासायची सवय लावा: कोपऱ्यात कोणतं अकाउंट दिसतंय आणि वर कोणती कम्युनिटी आहे.

कम्युनिटी तीन प्रकारच्या असतात. काहींत कोणीही पोस्ट टाकू शकतो, काहींत बाहेरच्यांना फक्त कमेंट करता येते आणि काहींत सदस्यांशिवाय कोणालाच काही लिहिता येत नाही. ‘माझी पोस्ट तिथे दिसतच नाही’ ही तक्रार बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारातली असते.

आता चार अकाउंट्सचा हिशोब बघू. पूर्ण ताकदीचं एक मत दिलं की व्होटिंग पॉवर, म्हणजे मत देण्याची शिल्लक ताकद, साधारण 2 टक्के उतरते. दिवसाला 20 टक्के भरून येते, म्हणजे रोज साधारण 10 पूर्ण मतं. पॉवर 100 टक्क्यांवर पोचली की पुढचं भरणं थांबतं. हाइव्ह पॉवर (मताचं वजन ठरवणारी, अकाउंटमध्ये गुंतवून ठेवलेली हाइव्हची नाणी) चार ठिकाणी वाटली आणि त्यातली दोन अकाउंट्स आठवड्यातून एकदाच उघडली, तर त्या दोघांची व्होटिंग पॉवर बहुतेक दिवस काठोकाठ भरून पडून राहते. ती मतं वाया जातात, मागून मिळत नाहीत. त्यात पोस्टवरची एकूण कमाई 0.02 एचबीडीच्या (हाइव्हच्या डॉलरशी जोडलेल्या नाण्याच्या) खाली राहिली तर सातव्या दिवशी, मोबदला मिळायच्या वेळी, हातात शून्य येतं. लहान लहान अकाउंट्सची मतं नेमकी या उंबरठ्याशी अडखळतात.

रिसोर्स क्रेडिट्सची अडचण तर आणखी लवकर जाणवते. पोस्ट, कमेंट, मत, प्रत्येक व्यवहार हे क्रेडिट्स खातो. ते हाइव्ह पॉवरच्या प्रमाणात मिळतात आणि रिकामे झाले तर पूर्ण भरायला 5 दिवस लागतात. जेमतेम पॉवर असलेलं चौथं अकाउंट थोड्याच कमेंट्सनंतर गप्प बसतं, आणि लोकांना वाटतं की साइट बिघडली.

याच्या विरुद्ध एक मुद्दा मात्र खरा आहे. कवितेसाठी फॉलो करणाऱ्याच्या फीडमध्ये तुमचं पायथनचं कोडिंगही येऊन पडतं. काही लोक कंटाळून निघून जातील, जाऊ द्या. विषयापुरतं वाचणारा वाचक कम्युनिटी सबस्क्राइब करतो. माणूस म्हणून तुम्हाला वाचणारा थोडं पायथन सहन करतो, आणि मत देणारे बहुधा हेच दुसरे असतात. दोन भाषांत लिहिणाऱ्यांनाही वेगळं अकाउंट लागत नाही. एकाच पोस्टमध्ये आधी एक भाषा, खाली दुसरी, ही पद्धत तिथे रुळलेली आहे.

मग दुसरं अकाउंट केव्हा? मला तीनच कारणं पटतात. पहिलं, तिजोरी: ज्यात पैसे आहेत आणि ज्याने रोज लॉगिन करायचं नाही. दुसरं, गेम्स, बॉट आणि नवी ॲप्स, कारण तिथे परवानग्या सढळ हाताने द्याव्या लागतात. तिसरं, चार जणांनी मिळून चालवायचा प्रकल्प.

तिजोरी का, हे कीचा कारभार बघितला की कळतं. पोस्टिंग कीने लिहिणं, मत देणं, फॉलो करणं आणि रिवॉर्ड क्लेम करणं होतं, पैसे हलत नाहीत. ॲक्टिव्ह कीने ट्रान्सफर, डेलिगेशन (पॉवर दुसऱ्याला वापरायला देणं) आणि पॉवर डाउन (पॉवरची पुन्हा मोकळी नाणी करणं) होतं. ओनर की या सगळ्यांची मालकीण, ती बाकीच्या की बदलू शकते. मेमो की खाजगी मेमो, म्हणजे ट्रान्सफरसोबतची टीप, वाचण्यापुरती. रोजच्या फोनवर फक्त पोस्टिंग की ठेवा. कीचेन या की सांभाळणाऱ्या ॲपमध्ये अनेक अकाउंट्स ठेवता येतात, पण सगळ्यांच्या ॲक्टिव्ह की तिथेच ठेवल्या तर तिजोरी वेगळी करून काय मिळवलं? ओनर की आणि मास्टर पासवर्ड (ज्यातून सगळ्या की निघतात) कागदावर, ऑफलाइन.

तिजोरीतली रक्कम मोकळी ठेवण्यापेक्षा हाइव्ह पॉवरमध्ये किंवा सेव्हिंग्जमध्ये ठेवा. सेव्हिंग्जमधून काढायला 3 दिवस लागतात आणि त्या काळात व्यवहार रद्द करता येतो. पॉवर डाउन 13 आठवडी हप्त्यांत होतं. ॲक्टिव्ह की फुटली तर हीच दिरंगाई तुम्हाला वेळ मिळवून देते. आणि ट्रान्सफर करताना मेमोच्या रकान्यात प्रायव्हेट की पेस्ट होत नाहीये ना, ते बघा. तो रकाना सगळ्या जगाला दिसतो, आणि अशा कीच्या शोधात बॉट टपलेले असतात.

तिजोरीतली पॉवर लिहित्या अकाउंटला डेलिगेट करा, म्हणजे सगळी मतं एका जागेवरून पडतील. परत घेतलीत तर हाती यायला 5 दिवस लागतात. गेमच्या अकाउंटला मताची ताकद लागतच नाही. ऑक्टोबर 2022 च्या हार्डफोर्कपासून (साखळीच्या नियमांतल्या बदलापासून) नुसते रिसोर्स क्रेडिट्स डेलिगेट करता येतात, तेवढे पुरेत.

टीमच्या अकाउंटची की व्हॉट्सॲपवर फिरवू नका. त्या अकाउंटच्या ॲक्टिव्ह कीने प्रत्येकाच्या अकाउंटला पोस्टिंग ऑथॉरिटी, म्हणजे त्या नावाने लिहिण्याची परवानगी, द्या. मग जो तो स्वतःच्या कीने सही करतो, आणि कोणी टीम सोडली तर एक नाव काढलं की झालं. अशा परवानग्यांची यादी आपल्या अकाउंटचीही मधूनमधून उघडा. कधीकाळी परवानगी दिलेली आणि आता बंद पडलेली ॲप्स तिथे हटकून सापडतात.

दुसऱ्या अकाउंटने पहिल्याला मत देऊ नका. तांत्रिकदृष्ट्या कोणी अडवत नाही, पण कोणाची पॉवर कुठून आली आणि रिवॉर्ड कुठे गेले हे साखळीवर उघडं असतं, आणि डाउनव्होटची (मोबदला कमी करणाऱ्या विरोधी मताची) पॉवर वेगळी असल्याने तो द्यायला लोकांचं फारसं काही जात नाही. तोच लेख दोन अकाउंट्सवर टाकण्याचंही तेच. दोन्ही प्रोफाइलमध्ये एकमेकांचा उल्लेख करा, निम्मा संशय तिथेच मिटतो.

नाव घाईने घेऊ नका. 3 ते 16 अक्षरं, लहान लिपीतली रोमन अक्षरं, आकडे, हायफन आणि टिंब, बस. देवनागरी चालत नाही. नाव बदलत नाही, अकाउंट पुसलं जात नाही. आपल्या नावापुढे टिंब देऊन ‘गेम्स’ जोडलेलं अकाउंट आपोआप आपलं ठरत नाही, ते कोणीही घेऊ शकतं.

राहिलं रिकव्हरी अकाउंट. ओनर की चोरून कोणी बदलली तर 30 दिवसांच्या आत, जुनी की आणि रिकव्हरी अकाउंटची मदत, दोन्ही मिळून अकाउंट परत मिळतं. बहुतेकांच्या बाबतीत रिकव्हरी अकाउंट म्हणजे ज्या सेवेने नाव काढून दिलं ती सेवा. ती बंद पडली असेल तर आजच विश्वासातल्या माणसाचं अकाउंट लावा, कारण हा बदल लागू व्हायलाच 30 दिवस जातात. आणि 20 मार्च 2020 च्या आधीपासून स्टीमवर, म्हणजे हाइव्ह ज्यातून निघालं त्या जुन्या साखळीवर, असाल, तर हाइव्ह वेगळं झालं तेव्हा तुमचं नाव आणि की दोन्ही साखळ्यांवर तशाच राहिल्या. हाइव्हवर की बदलली तरी स्टीमवर जुनीच चालते. तिथे अजून शिल्लक असेल तर तिथेही वेगळी बदला.