साडेआठची खुर्ची

आमच्या मुलीला झोपायला लागणारं सामान असं: माझा डावा खांदा (उजवा चालत नाही), पंखा तीनवर, बेडरूममध्ये येरझारा आणि एकोणतीसचा पाढा.

पाढ्याचं कारण साधं आहे. मला गाता येत नाही. सुरुवातीला एकदा अंगाई म्हणून बघितली, तर ती रडायची थांबली आणि डोळे विस्फारून माझ्याकडे बघत राहिली. झोप पार उडाली. तेव्हा घाबरून तोंडाला येईल ते म्हणायला लागलो, आणि तोंडाला आला तो एकोणतीसचा पाढा. तिसरीच्या मे महिन्यात बाबांनी हातात फुटपट्टी घेऊन तो माझ्याकडून पाठ करून घेतला होता. तेव्हा मला पेंग यायची, आता माझ्या लेकीला येते. 'एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी'ला पापण्या जड, 'चोक सोळोदरसे'ला मान खांद्यावर. पुढचा पाढा गेल्या आठ महिन्यांत आमच्या घरात कुणी ऐकलेला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर तक्रार नव्हती. पण खरी परीक्षा पुढे. खांद्यावरून पाळण्यात. आधी पाय टेकवायचे, मग बूड, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. त्यानंतर तिच्या मानेखालचा आपला हात काढायचा. सत्यनारायणाच्या मांडलेल्या चौरंगाखालून सतरंजी ओढून काढावी, तसा. हात निघाला की श्वास रोखून, गुडघे वाकवून उलट्या पावली दाराकडे. आणि दारापाशी पोचलो की माझा गुडघा वाजणार. कट्.

की पुन्हा एकोणतीस एके एकोणतीस.

बरं, हे रात्रीतून एकदाच असतं तरी चाललं असतं. ती दर तासाला उठायची. शेवटी लसीकरणाला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं. माझ्या डोळ्यांखालची वर्तुळं बघून त्यांनी आधी मलाच बसायला सांगितलं. म्हणाले, बाळाची झोप सलग नसते, तुकड्यातुकड्यांची असते. साधारण पन्नास मिनिटांनी बाळ जरा वर येतं, अंदाज घेतं, सगळं जागच्या जागी असेल तर परत बुडी मारतं. तुमची मुलगी झोपते खांद्यावर आणि जागी होते पाळण्यात. तुम्ही शिवनेरीत डुलकी काढलीत आणि डोळे उघडले ते पनवेल स्टँडच्या बाकड्यावर, तर काय कराल? मी म्हटलं, बोंब मारीन. ते म्हणाले, तीही तेच करतेय.

म्हणजे पेंगुळलेली असताना, पण जागेपणी तिला पाळण्यात ठेवायचं, आणि शेवटचा टप्पा तिचा तिने पार करायचा. एरवी तब्येत ठणठणीत आहे, वजन आठ किलो आहे, शिकेल, असंही म्हणाले. आठ किलो हे मला काट्यावर बघायची गरज नव्हती. माझ्या डाव्या खांद्याला ते ग्रॅममध्ये माहीत आहे.

घरी हे सांगितलं. आई निवडत असलेली मेथी खाली ठेवून म्हणाली, "एकटीने झोपायला ती काय होस्टेलला चाललीय?"

मी समजावलं, की एकटीने म्हणजे एकटीला टाकून नव्हे. तसा एक प्रकार आहे. बोस्टनचे डॉक्टर रिचर्ड फर्बर यांनी १९८५ साली तो लोकांपुढे मांडला. बाळाला ठेवून बाहेर यायचं, रडलं तर ठरावीक मिनिटांनी आत जाऊन धीर द्यायचा, पण उचलायचं नाही, आणि दर खेपेला मिनिटं वाढवत न्यायची. तिकडे त्या डॉक्टरांच्या आडनावाचं क्रियापद झालं म्हणे. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्या खालच्या मजल्यावर कोण राहत होतं?"

मुद्दा बिनतोड होता. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली तर तिसऱ्या मजल्यावर गॅस बारीक करतात.

म्हणून आम्ही सौम्य मार्ग घेतला: खुर्ची. पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसायचं. रडली तर हात ठेवायचा, थोपटायचं, फारच झालं तर उचलून शांत करायचं आणि परत जागीच ठेवायचं. दर तीन रात्रींनी खुर्ची थोडी मागे. असं करत करत खुर्ची खोलीबाहेर. रोज वेळ तीच, क्रम तोच. अंग पुसणं, तेलाचा हात, दूध, मंद दिवा, साडेआठ. मी हा तक्ता फ्रिजवर लावला. आईने चष्मा लावून वाचला.

"तिन्हीसांजेला दिवा, शुभंकरोति, तेल, धुरी, तीट, मग निजानीज. तुला मी असंच वाढवलं. फक्त त्याला रुटीन म्हणतात हे माहीत नव्हतं, नाहीतर मीही फ्रिजवर लावलं असतं."

"तेव्हा फ्रिज नव्हता," बाबा पेपरामागून म्हणाले.

पहिल्या रात्री साडेआठला निळी प्लास्टिकची खुर्ची पाळण्याला लावून बसलो. मुलीला जागी असताना खाली ठेवलं. तिने आधी पंख्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग माझ्याकडे. हा माणूस बसलाय, हे लक्षात यायला तिला चार सेकंद लागली. आठ महिन्यांत तिने मला रात्री बसलेला पाहिला नव्हता. त्यानंतर जे भोकाड पसरलं!

मी थोपटलं. "श्शू" केलं. उचललं, शांत केलं, ठेवलं. उचललं, शांत केलं, ठेवलं. नऊनंतर मोजणं सोडलं. दाराच्या फटीखाली दोन सावल्या दिसत होत्या, एक आईची, एक बायकोची. उपाय बायकोने वाचून काढला होता, त्यामुळे तिला आत येता येत नव्हतं. आईला यायचं होतं, पण सुनेसमोर तत्त्वाचा प्रश्न होता. पाऊण तासाने बेल वाजली. समोरच्या काकू वाटीत हिंग कालवून उभ्या. "पोट दुखतंय तिचं. बेंबीभोवती लावा." आणि मान वाकडी करून आत बघत, "बाप कुठाय?"

"खुर्चीत बसलाय," आई म्हणाली. ज्या सुरात म्हणाली, त्या सुरात आमच्याकडे फक्त राजकारणाबद्दल बोलतात.

एक तास दहा मिनिटांनी ती झोपली. पाळण्यात. एकोणतीसशिवाय. हिंग वाया गेला नाही, दुसऱ्या दिवशी आमटीत घातला.

दुसऱ्या रात्री पन्नास मिनिटं. तिसऱ्या रात्री पंचवीस, आणि त्यातली शेवटची दहा ती रडत नव्हती, स्वतःच्या पायाच्या अंगठ्याशी काहीतरी बोलत होती. मी खुर्चीत बसून होतो. मला तेव्हा कळलं, की मला काही करायचं नसलं की माझे हात आपोआप हलतात. मी खुर्चीच्या दांड्याला थोपटत होतो.

चौथ्या रात्री खुर्ची मागे घ्यायची होती. ज्या कुणी ही पद्धत शोधली, त्याच्याकडे मोठी खोली असणार. आमच्या दहा बाय अकरामध्ये पाळणा, पलंग आणि कपाट वजा केलं की मागे म्हणजे एकच जागा उरते, कपाटाला पाठ लावून. तीन रात्री खुर्ची तिथेच राहिली. सकाळीही तिला हात लावायचा नाही, असा मीच नियम केला होता, कारण मुलीला बदल कळतो. परिणामी मी तीन दिवस ऑफिसला दोरीवरचे कपडे घालून गेलो. त्यात एक गणपतीतला मोतिया कुर्ता होता. मॅनेजरने विचारलं, घरी काही कार्य आहे का? मी हो म्हटलं.

मधेच मोहरीच्या उशीवरून ठिणगी पडली, ती थोडक्यात सांगतो. डोकं गोल व्हावं म्हणून आईने बारशाआधीच शिवून ठेवली होती. वर्षाच्या आत पाळण्यात उशी नको आणि बाळ उताणंच झोपवायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आईने माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं: बघ, गोल आहे. बायकोने बघितलं. काही बोलली नाही. उशी अजून कपाटात आहे.

सातव्या रात्री खुर्ची उंबऱ्यात आली. आमच्याकडे बेडरूमच्या दाराशेजारीच संडासाचं दार आहे आणि पॅसेज अडीच फुटांचा. बाबांचं जेवणानंतरचं वेळापत्रक माझ्या तक्त्याइतकंच पक्कं. पावणेनऊला ते पॅसेजमध्ये येऊन उभे राहिले. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी पोटावर हात ठेवला. मी पाय जवळ घेतले, त्यांनी धोतराचा सोगा वर धरला आणि माझ्या मांड्यांवरून एक पाय पलीकडे टाकला. नेमका त्याच क्षणी पाळण्यातून "हं?" असा आवाज आला.

आम्ही दोघे गोठलो. बाबा एका पायावर, माझ्या डोक्याचा आधार घेऊन. आणि मग त्यांनी, ज्यांनी मला कधी कडेवर घेतल्याचं मला आठवत नाही, तोंडातल्या तोंडात सुरू केलं, "एकोणतीस एके एकोणतीस..."

"बाबा, पाढा बंद आहे," मी कुजबुजलो.

"सवयीने आलं," ते म्हणाले, आणि दुसरा पाय टाकला.

ती झोपली होती. झोपेतच "हं" म्हणाली होती.

दहाव्या रात्री खुर्ची हॉलमध्ये टीव्हीसमोर. साडेआठला तिला ठेवलं, दिवा मंद केला, बाहेर आलो. टीव्ही मुका. चौघे चार दिशांना बघत बसलो. आतून थोडी किरकिर, मग अंगठ्याशी चाललेली बातचीत, मग काही नाही. आठ एकेचाळीस.

नऊला आई उठली. "नुसतं बघून येते."

"आई, बांगड्या," बायको म्हणाली.

सवाष्णीने रात्री हात रिकामे करायचे नसतात, हे आम्ही सगळेच जाणून. आईने दोन्ही हातांच्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवल्या, ओट्यावरचे दुधाच्या पिशव्यांचे दोन रबर घेतले आणि त्यावर चढवले. हात हलवून बघितला. आवाज नाही. मग चवड्यांवर आत गेली.

बराच वेळ आली नाही. आली तेव्हा माझ्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि एकेक रबर काढत राहिली.

"झोपलीय?" बायकोने विचारलं.

"झोपलीय गं. नाकाला बोट लावून बघितलं. हललीसुद्धा नाही." बांगड्या मनगटावर घसरून किणकिणल्या. आतून काहीच प्रतिसाद आला नाही. आईने क्षणभर वाट बघितली.

"दुपारची झोप मात्र माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "दुपारी खुर्च्या काढायच्या नाहीत."