गवत पिकवणारा शेतकरी नाही म्हणे

डोकं फिरलंय राव, म्हणून लिहितोय. आमच्या कोल्हापूरच्या राधानगरी-भुदरगडकडं, आणि तिकडं शाहूवाडी गगनबावड्यातबी, कितीतरी घरांची जमीन म्हणजे ओढ्याकडेला थोडं भात आणि वर डोंगराला भावकीत सामाईक असलेली गवताची पड. आमच्या तात्यांच्या वाट्याला तर भाताचं वावरच आलं नाही, त्यांचं नाव फक्त त्या वरच्या पडीवर. म्हशी पाळतात, दूध डेअरीला घालतात, सगळं घर त्याच्यावर. आणि पीएम किसानला काय सांगितलं तर अपात्र, कारण सातबाऱ्यावर सगळं क्षेत्र पोटखराबा, म्हणजे लागवडीला निकामी धरलेलं, लागवडीयोग्य शून्य.

शून्य कसं? पावसाळा संपला की त्या पडीची राखण करायची, जनावर आत येऊ द्यायचं नाही, वणवा लागू नये म्हणून कडेनं गवत काढून पट्टा मारायचा, गव्यांचा कळप उतरला तर रात्र जागायची, मग दिवाळीच्या पुढं कापणी, भारं डोक्यावरनं खाली आणून गंजी रचायची आणि त्याच्यावर उन्हाळा काढायचा. ह्यात शेतीचं कुठलं काम कमी पडलं ते सांगा की. ऊस गवतच आहे, भात गवतच आहे, फक्त आमचं गवत माणूस खात नाही म्हणून ते खराब?

बरं, ही योजना 2019 ला आली तेव्हा 2 हेक्टरची अट होती, ती त्याच वर्षी काढून टाकली. म्हणजे इन्कम टॅक्स वगैरेच्या नियमात जो अडकत नाही तो मोठा बागायतदारबी वर्षाला 6000 घेतोय, आणि वर राज्याच्या नमो शेतकरीचे 6000, कारण त्या यादीत यायचं तर आधी पीएम किसानच्या यादीत पाहिजे. म्हणजे इथं नाव उडालं की वर्षाचे 12000 गेले, आणि ज्याच्याकडं डोंगराशिवाय दुसरं काहीच नाही त्याचं नाव पहिलं उडतंय.

त्यात सामाईकचा ताप वेगळाच. केंद्राच्या नियमात सरळ आहे की एका उताऱ्यावर जेवढी कुटुंबं असतील, प्रत्येकाला वेगळा लाभ मिळतो, कुटुंब म्हणजे नवरा बायको आणि अल्पवयीन मुलं. तरी खिडकीवर उत्तर मिळतं, सामाईक आहे, वाटप करून आणा. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप करायचं तर सगळ्या हिस्सेदारांची सही पाहिजे, एक मुंबईला, एक वारलाय त्याची वारस नोंद अजून नाही, मग मोजणीची फी. आणि केलं वाटप तरी त्या डोंगराचं करायचं काय? पाण्याचा झरा एका कोपऱ्यात, वाट दुसऱ्या कोपऱ्यात, बांध घातला तर निम्म्या भावकीच्या म्हशीला पाणीच मिळणार नाही. ती जमीन सामाईक ठेवली म्हणूनच आजवर उपयोगाची राहिली.

एकानं तर विचारलं, हे गायरान आहे का म्हणून. नाही ओ! गायरान सरकारी, जमीन महसूल संहितेच्या कलम 22 खाली गावच्या जनावरांसाठी ठेवलेलं, त्याच्यावर कोण हप्ता मागत नाही. आमची मालकीची आहे, सातबाऱ्यावर नावं आहेत, आणेवारी म्हणजे ज्याचा त्याचा हिस्सा लिहिलेला आहे.

आणि सगळ्यात संताप कशाचा येतो माहिताय? पोटखराबा 'अ' (खडकाळ वगैरे म्हणून शेतीला अयोग्य धरलेली) जमीन लागवडीखाली आणली तर ती लागवडीयोग्य म्हणून नोंदवून घेता येते. म्हणजे जेसीबी लावून उतार फोडला, चार वर्षात सगळी माती ओढ्यात गेली तरी चालेल, कागदावर मी शेतकरी. गवत राखून माती धरून ठेवली तर नाही. 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या जिल्ह्यात हे चालतंय.

इंग्लंडमध्ये परवापरवापर्यंत सामाईक चराईच्या डोंगराचं क्षेत्र तिथं हक्क असलेल्या शेतकऱ्यांत हक्काप्रमाणं विभागून धरायचे आणि त्यावर अनुदान द्यायचे, जमीन न फोडता, बांध न घालता. युरोपात कायमचं गवताळ रान शेतीच्या क्षेत्रातच मोजतात. कटकटी तिकडंबी असतील, पण गवत म्हणजे शेती हे तरी मान्य आहे. आपल्याकडं 2024 ला दुधाला लिटरमागं 5 आणि मग 7 रुपये दिले तेबी फक्त गायीच्या. कोल्हापुरात, जिथं म्हशीच्या दुधावर घरं उभी राहिली, तिथल्या डोंगरातल्या म्हसवाल्याला तिथंबी काही नाही आणि हितंबी नाही.

करायचं म्हटलं तर अवघड काय आहे? सातबाऱ्यावर गवतपड आहे, जनावराच्या कानात बिल्ला आहे, त्याचा नंबर सरकारच्याच ॲपवर आहे, दूध घातल्याची बिलं आहेत. एवढं असेल तर आणेवारीप्रमाणं ते क्षेत्र लागवडीयोग्य धरा, विषय संपला.

तात्यांचा अर्ज परत टाकतोय, आणि ह्या वेळी तोंडी ऐकून घेणार नाही, नाकारलं तर कुठल्या नियमानं ते लेखी द्या म्हणणार. तुमच्याकडं कुणाचा निव्वळ सामाईक पडीवर हप्ता चालू असला तर उतारा कसा आहे तेवढं सांगा, आम्हाला दाखवायला उपयोगी पडेल.