पारोशी हुडी आणि सांगलीच्या ताई

ताई, नमस्कार.

घरात घालायचे कपडे किती दिवसांनी धुवावेत, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झाडलंय. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात इथे देतो: "तीन-चारदा घालून मग धुवा, हा सल्ला म्हणजे आळसाला शास्त्राचा मुलामा. आमच्याकडे अंघोळ झाल्यावर पारोसा कपडा अंगाला लावत नाहीत. अमेरिकेचं इथे कशाला सांगता? वास आला नाही म्हणजे स्वच्छ, उन्हात टाकलं की झालं, हे कुणी ठरवलं? आणि मुळात तुमच्या घरात धुणं धुतं कोण?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मी धुतो. 2020 साली घरून काम सुरू झालं आणि त्याच सुमारास आईचे गुडघे बोलायला लागले. तेव्हापासून भिजत घालण्यापासून घड्या घालण्यापर्यंत सगळं खातं माझ्याकडे आहे. इस्त्रीला तेवढं बायको हात लावू देत नाही, कारण तिची एक ओढणी माझ्या नावावर जमा आहे.

आता पारोशाबद्दल. तुमचा नियम मला मोडीत काढायचा नाही. मीही त्याच नियमात वाढलो. अंघोळ करून आलं की दांडीवरचा धुतलेला कपडा काठीने खाली घ्यायचा, रात्रीच्या कपड्याला शिवायचंसुद्धा नाही. अंग स्वच्छ झाल्यावर त्यावर कालचा घाम पुन्हा का चढवायचा, यात न पटण्यासारखं काही नाही. पण ताई, त्याच घरात माझ्या पणजीची धाबळी, म्हणजे सोवळ्याचं लोकरी वस्त्र, होती. सोवळ्यात स्वयंपाक करताना ती नेसायची, आणि ती धाबळी काही रोज धुतली जात नव्हती. घरात कुणाचा रेशमी कद असेल, मुकटा असेल, तोही रोज पाण्यात बुडत नव्हता. सुती वस्त्र मात्र रोज धुतलेलंच हवं. लोकर आणि रेशमाला एक नियम, सुताला दुसरा. नेसणं तास-दोन तासांचंच असायचं, हे मान्य. तरी कापड बघून धुणं ठरवायची अक्कल आपल्या म्हाताऱ्यांना होती, एवढंच मला म्हणायचंय. अमेरिकेपर्यंत जायची खरं तर गरजच नव्हती.

पण गेलो होतो, तर तेही सांगून टाकतो. 'पायजमा तीन-चार वेळा घातल्यावर धुवा' हा आकडा अमेरिकन क्लिनिंग इन्स्टिट्यूट या संस्थेचा आहे. साबण आणि डिटर्जंट बनवणाऱ्यांचीच ती संस्था, म्हणजे 'कमी धुवा' सांगण्यात तिचा काही फायदा नाही, म्हणून मला तो आकडा विश्वासाचा वाटला. चूक झाली ती पुढे. तिकडे अनेक जण रात्री अंघोळ करून पायजमा चढवतात आणि सकाळी उतरवतात. आपल्याकडे घरातला कपडा म्हणजे त्यात झोपायचं, त्यातच भाकरी थापायची, त्यातच गच्चीवर टाकी बघायला चढायचं, कोपऱ्यावरून दूध आणायचं आणि दुपारी पुन्हा लवंडायचं. दोन्हीला एकच माप लावणं हा माझा बिनडोकपणा होता. हा मुद्दा तुमचा.

वासाचा मुद्दाही तुमचाच. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेत आणि जांघेत ज्या ग्रंथी असतात, त्यांच्या स्रावावर कातडीवरचे जिवाणू काम करतात तेव्हा वास तयार होतो. आणि तो आपल्याला सगळ्यात शेवटी कळतो, कारण नाकाला स्वतःच्या वासाची सवय होते. बाहेरून घरात येणाऱ्याला दारातच कळतं. माझ्या लेखात 'हुंगून बघा' असं वाक्य होतं, ते आज काढून टाकलं.

आता एक गोष्ट सांगतो, जी मूळ लेखात लाजेपोटी लिहिली नव्हती. मागच्या जुलैत साताऱ्यात सलग दहा-बारा दिवस सूर्य दिसला नाही. ट्रॅक पॅन्ट दोनच, एक दोरीवर अर्धी ओली, एक अंगात. अंगातली चौथ्या दिवशी काढायची ती काढली नाही, आणि पाचव्या दिवशी दोरीवरची दमटच चढवली. आठवड्याभरात कमरेला, बरोबर इलॅस्टिकच्या रेषेवर, खाज सुटली. गोल चट्टा, कडा लाल. गजकर्ण. औषधाच्या दुकानातून विचारून एक ट्यूब आणली, दोन दिवसांत खाज थांबली, मी खूश. पंधरा दिवसांत एकाचे चार चट्टे झाले. त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब बघून कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने खाज दबते आणि बुरशी खाली आरामात पसरत राहते. पुढे दीड महिना गोळ्या आणि मलम. कपड्यांबद्दल त्यांनी सांगितलं ते असं: टॉवेल वेगळा, अंगाला लागणारा प्रत्येक कपडा रोज बदलायचा, गरम पाण्यात धुवायचा आणि खडखडीत वाळल्याशिवाय घालायचा नाही. साध्या थंड पाण्याच्या धुण्याने बुरशी जाईलच असं नाही, साधारण 60 अंशांचं पाणी लागतं. आमच्या मशीनला गरम पाण्याची सोय नाही, त्यामुळे मी बंबाच्या पाण्यात भिजवून मग मशीनला टाकायचो. म्हणजे तीन-चार दिवसांचा हिशोब छापणारा माणूस स्वतः त्याच हिशोबात अडकला होता, आणि तुम्ही ते न बघता ओळखलंत.

तरीही सगळी शस्त्रं खाली ठेवत नाही.

'घरातले कपडे' अशी एकच मोट बांधून मी लिहिलं, खरी गडबड तिथे झाली. अंगाला लागणारा कपडा वेगळा आणि त्यावरून घालायचा वेगळा. बनियन, आतले कपडे, घरातला टीशर्ट, गाऊन, बर्मुडा, हे रोज. साताऱ्याच्या डिसेंबरात दिवसभर घाम न येता बसून काम केलं असेल तर रात्रीचा पायजमा दोन रात्री चालेल, त्यापुढे नको. याउलट टीशर्टवरून घातलेली हुडी, स्वेटर, शाल यांना काखेचा घाम थेट लागत नाही. त्या आठवड्याने धुतल्या तर काही बिघडत नाही, आणि लोकरीचा स्वेटर तर थंडीच्या अख्ख्या मोसमात दोनदा धुतला तरी पुरे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय ती वास सहज धरत नाही. माणदेशातली घोंगडी आठवा. आजोबांची घोंगडी झटकली जायची, उन्हात पडायची, वर्षानुवर्षं टिकायची. पण आजोबा ती उघड्या अंगावर कधी घेत नसत, खाली सदरा असायचाच. अंगाला आणि घोंगडीला मध्ये एक सुती पदर, रोज धुतला जाणारा.

हल्लीची मऊ मऊ फ्लीसची हुडी किंवा पॅन्ट दिसते लोकरीसारखी, पण असते बहुतेक पॉलिएस्टरची. तिला घोंगडीचे लाड देऊ नका. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही, पण अंगाचं तेल मात्र धरून ठेवतं, म्हणून त्याला सुती कपड्यापेक्षा लवकर वास लागतो. आणि वरचेवर धुतलं की त्याला बारीक गोळे येतात, प्रत्येक धुण्यात धागे निघून पाण्याबरोबर जातात. तेव्हा तिच्या आत सुती टीशर्ट हवाच. धुताना उलटी करून, पावडर निम्मी. कंडिशनर बिलकुल नको, त्याचा थर फ्लीसवर बसतो. जाता जाता एक: असल्या कपड्यात गॅससमोर उभं राहू नका. पॉलिएस्टर पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. स्वयंपाकाला सुती गाऊनच बरा.

पाण्याच्या बाबतीतही माझं म्हणणं कायम आहे. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, पाण्यातला चुना साबणाशी मिळून त्याचा साका कपड्यावरच बसतो आणि पांढरा कपडा करडा होतो. रोज धुऊन हे सुटत नाही. दोनदा खळबळून काढलं तर थोडा फरक पडतो. टॉप लोड मशीनमध्ये एका फेरीला शंभर लिटरच्या आसपास पाणी जातं. एकटी हुडी रोज त्यात फिरवायची कल्पना मे महिन्यात करून बघा.

उन्हाबद्दल आपण दोघं अर्धे-अर्धे बरोबर आहोत. ऊन कपडा कोरडा करतं, त्यातली अतिनील किरणं बऱ्याच जिवाणूंना मारतात. पण अंगाचं तेल आणि मेलेली कातडी ऊन खाऊन टाकत नाही, तिथे साबणच हवा. उन्हाचा खरा पराक्रम तुम्हाला सांगलीत मी काय सांगणार, हळदीच्या गावात! 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्याकडेही तीच येते आणि आईच्या प्रत्येक गाऊनवर तिचे नकाशे असतात. साबण लावला की पिवळा डाग लालभडक होतो, आणि दर वेळी आईला वाटतं काहीतरी भलतंच झालं. साबण अल्कधर्मी असतो, त्यात हळदीतलं कर्क्युमिन रंग बदलतं, इतकंच. धुवून उन्हात टाकला की दोन-तीन दिवसांत डाग उडतो, कारण कर्क्युमिन उजेडात टिकत नाही.

फरक तुमच्या आणि आमच्या आभाळाचा आहे. तुमच्याकडे दोरीवर टाकलेला कपडा दुपारपर्यंत पापडासारखा होतो. इथे अजिंक्यताऱ्यावर ढग उतरले की चार-चार दिवस ओलच हटत नाही. 'रोज धुवा' हा सल्ला जुलैत साताऱ्यात पाळला, तर घरात रोज नव्या ओल्या कपड्यांची भर पडते आणि सगळ्यांनाच तो आंबूस-कुबट वास लागतो. तो वास मळाचा नसतो. धुतलेला कपडा हळूहळू वाळतो तेव्हा त्यातले उरलेले जिवाणू पुन्हा वाढतात, त्याचा असतो. म्हणून पावसात मी असं करतो: फक्त अंगाला लागणारं रोज, तेही पातळ सुती. स्पिनर दोनदा. हँगरला लावून, मध्ये वीतभर जागा सोडून, पंख्याखाली. शिवणी आणि इलॅस्टिकवर शेवटी इस्त्री, म्हणजे बायकोच्या हातापाया पडून. मशीन थांबल्यावर कपडे आत रात्रभर ठेवायचे नाहीत, हे तर आहेच.

तुम्ही ताजा कलम म्हणून विचारलंत: नातू एकच हुडी रोज घालतो, काढतच नाही, काय करू? या बाबतीत मी तज्ज्ञ आहे, कारण माझा नववीतला मुलगा तोच प्रकार. आम्ही शहाणपणा करून तशीच दुसरी आणली. तोच रंग, तोच मळखाऊ करडा, तोच आकार. जुनी मशीनमध्ये टाकली आणि नवी खुर्चीवर ठेवली. त्याने नाकाला लावली आणि म्हणाला, "ही माझी नाही."

सध्या तो शनिवारी रात्री झोपला की मी जुनी उचलतो आणि रविवारी तो उठायच्या आत दोरीवर टाकतो. मग तो दुपारपर्यंत आईची शाल पांघरून, दोरीकडे बघत बसतो. नवी मी वापरतो. टीशर्टवरून.