मंजूर झालेली स्कॉलरशिप खात्यात का येत नाही?

बारावीचा निकाल लागला की कोकण मंडळ राज्यात पहिलं आल्याच्या पोस्टी फिरतात. याच मुलांपैकी बऱ्याच जणांची स्कॉलरशिप पुढच्या वर्षभरात कुठेतरी अडकते, आणि ती गुणांमुळे किंवा उत्पन्नामुळे अडकत नाही. बाबांचा मुंबईतला मोबाईल नंबर, पतपेढीतलं खातं, पणजोबांच्या नावावरचा सातबारा, सायबरवाल्याने स्वतःचा घातलेला ईमेल, असलं काहीतरी आडवं येतं. माझं स्पष्ट मत आहे की महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचा) फॉर्म भरणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम. खरं काम मे महिन्यातलं, चाकरमानी गावी आलेले असतात तेव्हाचं. ते राहिलं की मग ऐन पावसात पळापळ.

आधी बँक. "आधार लिंक आहे" एवढ्यावर बहुतेक जण निर्धास्त असतात. खात्याच्या केवायसीला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, सीडिंग (त्या बँकेशी आधारची नोंद) असणं वेगळं. सरकारी पैसे खाते क्रमांक बघून येत नाहीत, आधार क्रमांक बघून येतात. कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत टाकायचे याची नोंद एनपीसीआयच्या (देशातली पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेच्या) मॅपर नावाच्या यादीत असते, आणि एका आधारला तिथे एकच बँक. शेवटची सीड केलेली. मोबाईलच्या दुकानात सिम घेताना पोराने पेमेंट बँकेचं खातं उघडलं आणि संमतीच्या चौकोनात टिक केली, तर स्कॉलरशिप तिकडे जाते. घरचे मात्र राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक छापून घेत बसतात.

तपासायला दोन मिनिटं लागतात. माय आधारच्या साइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा. हवी ती बँक दिसत नसेल तर शाखेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचंय" असं नीट शब्दांत सांगा आणि संमतीचा फॉर्म द्या. आठवड्याने स्टेटस पुन्हा बघा. पोचपावतीवरचा शिक्का म्हणजे सीडिंग नव्हे. पतपेढी ही बँक नाही, तिथलं खातं या कामाला चालत नाही. शाळेत असताना उघडलेल्या खात्यात 2 वर्षं व्यवहार झाला नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असतं. केवायसी नव्याने देऊन ते चालू करून घ्यावं लागतं. मूल 18 वर्षांचं झाल्यावर अज्ञान खात्याचं रूपांतर राहिलेलं असेल तर तेही करून घ्या.

मग ओटीपी. पोराचं आधार लहानपणी काढलेलं, त्यावर नंबर बाबांचा. बाबा घाटकोपरला ड्युटीवर किंवा बोटीवर. इकडे जुलैत वीज गेलेली, टॉवर बंद, आणि ओटीपीची मुदत मोजक्या मिनिटांची. आधारवरचा मोबाईल नंबर बदलायला पोराला स्वतः हजर राहावं लागतं. तो बदलून घ्या, आणि महाडीबीटीवर नंबर आणि ईमेल त्याचेच घाला. सायबरवाल्याने सोयीसाठी आपला ईमेल घातला की पहिल्या वर्षी काही कळत नाही. दुसऱ्या वर्षी रिन्यूअलला पासवर्ड विसरला की सगळं खोळंबतं.

आता योजना. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, उत्पन्न मर्यादा 8 लाख, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचे 50 टक्के. व्यावसायिक कोर्सला प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) हवा, मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, 8 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांना ही सवलत 100 टक्के झाली. लगेच "मुलींचं सगळं शिक्षण फुकट" असं पसरलं. तसं नाही. सवलत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, बस आपल्या खिशातून. प्रवेशाआधी कॉलेजकडून फीची फोड लेखी मागा, म्हणजे नंतर वाद नको.

आणि इथे एक हिशोब चुकतो. अनुदानित कॉलेजात बीए, बीएस्सी करणाऱ्या मुलाची ट्यूशन फी मुळातच किरकोळ. तिचे निम्मे मिळून हातात काय येणार? अशा मुलाने नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती आधी बघावी. पदवीच्या पहिल्या 3 वर्षांना वर्षाला 12,000 रुपये, पदव्युत्तरला 20,000, उत्पन्न मर्यादा साडेचार लाख. अट आहे बारावीला आपल्या शाखेत 80 पर्सेंटाइलच्या वर असण्याची. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, शंभरातल्या ऐंशी मुलांच्या पुढे असणं! 80 टक्के नाहीत म्हणून फॉर्मच न भरणारी मुलं दरवर्षी असतात. दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेतली तर मात्र ही मिळत नाही, त्यामुळे दोन्हींची बेरीज करून मगच निवडा. ही केंद्राची शिष्यवृत्ती टिकवायला दरवर्षी 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत (उत्पन्न मर्यादा अडीच लाख) केंद्राचा 60 टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी 7 दिवसांत कॉलेजला भरायची असते. घरात आजारपण किंवा पत्रे बदलायचं काम निघालं की ते पैसे आपले वाटतात, खर्च होतात, आणि कॉलेज निकाल किंवा दाखला अडवून बसतं. आल्या दिवशी फी भरा, पावती जपा.

घरापासून लांब भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना. कोकणात जवळपास सगळेच अल्पभूधारक, पण ते कागदावर दाखवणं कठीण. सातबारा सामायिक, त्यावर नावं तीस, मुंबईचे चुलते धरून. त्यात बाबांचं नाव नाहीच, कारण आजोबा गेल्यावर वारस नोंद कुणी केली नाही. वारस नोंद, फेरफार, मग अल्पभूधारक दाखला, ही साखळी तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) सुरू होते आणि भावकीत एकाने हरकत घेतली की महिने जातात. ज्यांचं पोर आत्ता अकरावीत आहे त्यांनी आजच अर्ज टाकावा.

फॉर्म सबमिट झाला म्हणजे सुटलो, असंही नाही. तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाकडे जातो. त्रुटी निघाली की विद्यार्थ्याकडे परत येतो आणि तिथेच पडून राहतो. आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्टेटस वाचा. परत येण्याची कारणं ठरलेली: आधारवर "सावंत"चं स्पेलिंग एक, मार्कशीटवर दुसरं; उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा; रेशनकार्डाचं दुसरं पान स्कॅन केलेलं नाही; फीच्या पावतीची रक्कम आणि फॉर्ममधली रक्कम जुळत नाही.

कॉलेजांबद्दलही बोललं पाहिजे. शेकडो अर्ज आणि क्लार्क एक, त्याच्याकडेच परीक्षेचं आणि प्रवेशाचं काम. ऑगस्ट-सप्टेंबरचे दोन महिने एक माणूस फक्त स्कॉलरशिपला बसवला आणि परत आलेल्या अर्जांची नावं दर सोमवारी फलकावर लावली, तर निम्मे घोळ मिटतील. त्याला नवीन निधी लागत नाही, टेबल आणि खुर्ची लागते.

गणपतीला बाबा गावी येतील, तेव्हा रेशनकार्डाचं ते दुसरं पान स्कॅन करून पोराच्या मोबाईलमध्ये ठेवून द्या. मूळ कार्ड त्यांच्या बॅगेतून परत मुंबईला जाऊ देऊ नका.