‘ब्रेडेड पाइप कात्रीने एका झटक्यात’: नाही हो!

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दीड मिनिटाचा एक व्हिडिओ फिरत आला. स्टीलच्या जाळीचा पाइप, म्हणजे ब्रेडेड होज, घरच्या घरी कसा कापायचा याचा. त्यातले दावे पाच. पत्र्याच्या कात्रीने एका झटक्यात कापतो. टेप गुंडाळायची गरज नाही, टोक तापवून लाल करा म्हणजे तारा उसवत नाहीत. हॅकसॉने, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीने, हे काम होतच नाही. ग्राइंडर असेल तर कापा, फुंकर मारा, झालं. आणि गीझरचा पाइप लांब पडत असेल तर असाच कापून छोटा करा, वर क्लिप आवळा.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी खाली आल्या. “भाऊ, आमचा चोवीस इंची पाइप लोंबतोय नुसता. कापून देता का?”

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला, म्हणजे कारखान्याच्या हत्यारं बनवायच्या खात्यात, बरीच वर्षं काढली. आता वर्तकनगरला तळमजल्यावरच्या खोलीत व्हाइस, म्हणजे वस्तू आवळून धरायचा शिकंजा, मांडून जुन्या मोटरसायकलींच्या ऑइल लाइन करत असतो. तेव्हा उत्तर देतो, पण शेवटच्या दाव्यापासून, कारण बाकीच्या चारांत पाइप वाया जातो, यात घर भिजतं.

गीझरचा किंवा बेसिनचा कनेक्शन पाइप दोन्ही टोकांना कारखान्यात दाबून येतो. नटाच्या मागे ती चकचकीत टोपी असते ना, फेरूल, तिने आतली रबरी नळी आणि वरची जाळी एकत्र चिमटून धरलेली असते. पाण्याचा दाब सोसते ती जाळी, आणि तीही दोन्ही टोकांना घट्ट धरलेली असते म्हणूनच. नुसती नळी फुग्यासारखी फुगेल. तुम्ही फेरूल कापून टाकली की जाळीचं एक टोक मोकळं. दाब आला की तारा क्लिपखालून सरकतात, नळी फुगायला लागते. वरून क्लिप आवळली तरी ती तारांवर बसते, नळीवर सारखा दाब येतच नाही. दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलोचा दाब, हा हिशेब धरा आणि घोडबंदर रोडच्या टॉवरांकडे बघा. टाकी गच्चीवर, तुम्ही चौथ्या मजल्यावर, आणि मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नीट चालत नसेल तर? हा पाइप फुटतो तोही दुपारी, घरात कोणी नसताना. खालच्या घराचं फॉल्स सीलिंग कोण भरून देणार? हार्डवेअरवाल्याकडे बारा, अठरा, चोवीस इंची तयार मिळतात. सुतळीने मोजून जा. गॅसच्या आणि ब्रेकच्या पाइपाला तर हात लावायचाच नाही. एवढं सांगायला मुद्दा कशाला हवा.

आता कापण्याजोगा पाइप. ज्याला आट्यांची, पुन्हा वापरता येणारी फिटिंग बसते तो. ऑइल कूलरचा, इंधनाचा, रेसिंगच्या नादी पोरांच्या गाड्यांवर दिसतो तो.

कात्रीचा दावा सगळ्यांत फसवा, कारण व्हिडिओत पाइप खरंच कापला जातो. कॅमेरा टोकाकडे मात्र नेत नाहीत. जाळी म्हणजे उलटसुलट तिरक्या विणलेल्या बारीक तारा. ती लांबीला दाबली की जाड होते, ओढली की बारीक होते. हातात घेऊन करून बघा. कात्री आधी पाइप चपटा करते. तारा पात्यांमधून निसटतात, काही तुटतात, काही वाकतात, आणि सुटलेल्या तारा स्प्रिंगसारख्या बाहेर उसळतात. असं केरसुणीसारखं टोक फिटिंगच्या सॉकेटमध्ये, म्हणजे पाइप ज्या वाटीत बसतो तिच्यात, शिरत नाही. जबरदस्ती केलीत तर तार बोटात शिरते, आणि ती सुईपेक्षा वाईट, कारण आत तुटते. वायर रोप, म्हणजे तारांची लोखंडी दोरी, कापायची खास कटर वेगळी. तिचे जबडे वळणदार असतात, दोरी चपटी होऊ देत नाहीत. तशी असेल तर जरूर वापरा. पत्र्याची कात्री पत्र्यालाच ठेवा.

तापवण्याच्या दाव्यात मात्र एक खरा धागा आहे. लोखंडी दोरी कापताना रिगर लोक, म्हणजे अशा दोरांनी जड माल उचलणारे, कधीकधी ती आधी तापवून मऊ करतात, तारा उसवत नाहीत. पण तिच्या आत रबर नसतं! जाळीचं ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील खरोखर मऊ पडायला हजार अंशांच्या पुढे जावं लागतं. तोवर आतलं रबर कोळसा झालेलं असतं. टेफलॉनची नळी असेल तर तिची कामाची मर्यादाच २६० अंश, आणि फार तापली की तिचा धूर छातीला बाधतो. बंद खोलीत हा प्रयोग म्हणजे आगीतून फुफाट्यात.

टेपची गरजच नाही म्हटलंय, तिथे मला खरा राग आला. सगळं काम टेपच करते. इन्सुलेशन टेप ताणून तीन-चार वेढे, दोन इंच रुंदीत. गुंडाळण्याआधी जाळी कापण्याच्या जागेकडे हाताने ओढून घ्यायची, म्हणजे ती नळीला घट्ट बसते. मग टेपच्या बरोबर मध्यावर खूण, आणि कापायचं टेपसकट. सॉकेटच्या तोंडाशी टोक येईपर्यंत टेप काढायची नाही.

हॅकसॉने होत नाही म्हणे! होतं. अठरा दात्यांचं ब्लेड लावलं तर नाहीच होणार, दात तारेत अडकतात. इंचाला बत्तीस दात्यांचं नवं ब्लेड घ्या, हात हलका ठेवा, घाई नको. मी लाकडाच्या ठोकळ्याला पाइपाच्या मापाचं भोक पाडून तो मधोमध उभा चिरलाय. दोन पाकळ्यांत पाइप धरायचा, व्हाइसमध्ये आवळायचा आणि ठोकळ्याच्या आडव्या खाचेतून ब्लेड चालवायचं. काप काटकोनात येतो आणि पाइपही चपटा होत नाही. तिरका काप असेल तर आतली नळी फिटिंगच्या बुडाशी एका बाजूने टेकतच नाही, आणि गळती तिथूनच.

ग्राइंडर उत्तम, मीही बहुतेक वेळा तोच घेतो. चार इंची मशीन, एक मिलिमीटरची स्टेनलेससाठीची चकती, गॉगल, आणि रेटायचं नाही. पातळ चकती स्वतःच जाते. लोखंड कापलेली चकती इथे नको, तिचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि आपल्या खाडीच्या दमट हवेत पावसाळ्यात तांबूस डाग उठतात. पेट्रोल वाहिलेला जुना पाइप गाडीवरच कापायचा विचार तर मनातही आणू नका. ठिणग्या कुठे पडतात तेही बघा. आमच्या शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीला भोकं पडली, त्याचं बोलणं मी अजून खातोय.

आणि फुंकर? चकतीचा कुरुंद आणि रबराचा काळा चुरा आत तेलकट भिंतीला चिकटून बसतो, तोंडाच्या वाऱ्याने हलत नाही. तोच पुढे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये किंवा ऑइल पंपात जातो. कॉम्प्रेसरची हवा न कापलेल्या टोकाकडून मारायची. मग तारेला रॉकेलमध्ये भिजवलेली पांढरी चिंधी बांधून पाइपातून ओढायची. पहिली काळी येते, दुसरी करडी. परवाच्या पाइपाला पाच लागल्या.